वादी ही पाण्याची जागा



१५ एप्रिल २०२४ च्या रात्री अमिरातीत गडगडाटी पाऊस सुरू झाला. अल-ऐनजवळच्या खत्म अल-शक्ला इथे चोवीस तासांत २५४.८ मि.मी. पाऊस पडला. १९४९ पासूनच्या नोंदींत तिथे एवढा पाऊस कधी झालेला नव्हता. रायगड-रत्नागिरीतल्या ज्या घरांतली माणसं तिकडे कामाला आहेत, त्या घरांची अवस्था तुम्हाला सांगायला नको. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काय फिरत होतं? एक तर ढगांवर फवारणी केली म्हणून हे झालं, नाहीतर हा अजाब आहे. फवारणीची गोष्ट शास्त्रज्ञांनी तपासून फेटाळली. अजाबाबद्दल मात्र मला बोलायचं आहे.

वाळवंटात पाऊस क्वचित पडतो, पण डोंगरउतार उघडे असतात आणि तापून टणक झालेली जमीन पाणी लवकर पीत नाही. सगळं पाणी कोरड्या नाल्यांकडे धावतं. या नाल्यांना वादी म्हणतात. वर्षानुवर्षं कोरडी वादी पाहून माणसाला वाटतं, ही तर मोकळी जागा.

जेद्दाहमध्ये नेमकं हेच झालं. २५ नोव्हेंबर २००९, हजचे दिवस. चार तासांत सुमारे ९० मि.मी. पाऊस झाला आणि शंभरहून अधिक माणसं गेली. पूर्वेकडची कुवैझासारखी गरिबांची वस्ती वादीच्या वाटेवरच होती आणि शहराच्या मोठ्या भागात पावसाचं पाणी वाहून न्यायला गटारंच नव्हती. राजे अब्दुल्ला यांनी चौकशी लावली, पुढे काही अधिकाऱ्यांना शिक्षाही झाल्या. अजाब म्हणून हात झटकले असते, तर जबाबदार कोण हे कुणी विचारलंच नसतं. त्याच पुरात स्वातहून आलेल्या फरमान अली खान या कामगाराने कमरेला दोर बांधून १४ जणांना बाहेर काढलं आणि स्वतः बुडाला.

मदिनेतला प्रसंग आठवा. आठवडाभर पाऊस थांबेना, तेव्हा लोकांनी प्रेषितांना (स.) दुआ करायला सांगितलं. त्यांनी पाऊस बंद व्हावा असं मागितलं नाही. आमच्यावर नको, आमच्या आजूबाजूला पडू दे, टेकड्यांवर, वाद्यांत, झाडांच्या मुळांशी, असं मागितलं. म्हणजे वादी ही पाण्याची जागा आहे, हे त्या दुआतच आहे. हिजरी १७ मध्ये मक्केच्या पुरात मकाम-ए-इब्राहीम वाहून गेला, तेव्हा हजरत उमर (रजि.) मदिनेहून आले. त्यांनी तो जागेवर बसवला आणि शहराच्या वरच्या अंगाला बांध घातला, असं जुने इतिहासकार सांगतात. दुआही झाली, बांधही झाला.

तर पुढच्या वेळी असा मेसेज आला की तो पुढे ढकलण्याआधी तिकडच्या मामूंना, भाईजानना फोन लावा. राहण्याची खोली वादीच्या वाटेवर तर नाही ना, विचारा. आणि पाणी वाहत असताना वादीत गाडी घालू नका म्हणावं. अमिरातीत त्याला २,००० दिरहम दंड आहे, पण गाडी वाहून जायला तेवढाही वेळ लागत नाही.