यादी, काठी आणि ग्रहण



२४ ऑक्टोबर १९९५. आपलं दहावीचं वर्ष, दिवाळीची सुट्टी. आपल्याकडे सूर्यग्रहण खंडग्रास होतं, पण आमच्या घरी खिडक्या बंद. मी ते टीव्हीवर पाहिलं. ती चुटपुट अजून गेलेली नाही.

गेल्या वर्षी शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी खगोलशास्त्र शिकवायला साहित्य सुचवायला सांगितलं, तेव्हा मी लांबलचक यादी पाठवली. सॉफ्टवेअरवाल्यांची खोड! बाईंनी विचारलं, “पस्तीस मिनिटांच्या तासात यातलं काय बसेल?”

मग यादी छाटली. स्टेलॅरियम ठेवलं. ते मोफत आहे, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं, आणि गावाचे अक्षांश-रेखांश दिले की आपल्याच मैदानावरचं आकाश दाखवतं. वाचायला नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’. बीएस्सीला गेलेल्यांसाठी ओपनस्टॅक्सचं ‘ॲस्ट्रॉनॉमी’. इंग्रजीत, पण मोफत आणि गणित बेताचं. शिवाय मैदानात एक उभी काठी. मे महिन्यात एका दुपारी तिची सावली नाहीशी होते, नेमकी तेव्हा शाळेला सुट्टी! म्हणून तो प्रयोग जुलैअखेरीस.

२ ऑगस्ट २०२७ ला, सोमवारी दुपारनंतर, आपल्याकडे पुन्हा खंडग्रास ग्रहण आहे. पावसाळी ढग आड आले तर इलाज नाही. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून कागदावर सूर्याची प्रतिमा पाडता येते. त्या भोकातून सूर्याकडे मात्र बघायचं नाही. प्रमाणित ग्रहणचष्म्यांचा खर्च आपल्या तुकडीने उचलावा, असं मी सुचवते. बाई, त्या दिवशी मुलांना मैदानात सोडा.