घाटीचे चिरे



आपल्या निधीतून करायच्या कामांच्या यादीत 'घाटीचे काँक्रीटीकरण' हे एक काम आहे. त्यावर निर्णय होण्यापूर्वी मला चार शब्द बोलायचे आहेत. माझं आयुष्य बांधकामात गेलं, म्हणून हे धाडस.

रस्त्यापासून शाळेच्या पटांगणापर्यंतची ही घाटी जांभ्याच्या चिऱ्यांची आहे. रत्नागिरीकडे अशा वाटेला पाखाडी म्हणतात. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, सहज तासता येतो. उघड्यावर सुकला की त्यातलं लोह त्याला कठीण करतं. 1807 साली बुकाननने केरळातला हा दगड पाहून लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला 'लॅटेराइट' नाव दिलं. आपल्या लोकांनी त्याच्या कितीतरी आधीपासून घरं, विहिरी, गडगे आणि वाटा त्याच दगडात रचल्या होत्या.

घाटीत सिमेंट नसतं, पण हिशेब असतो. खाली चिऱ्यांचे तुकडे आणि माती ठोकून बसवायची, पायरी रुंद आणि बुटकी ठेवायची, तिला कडेच्या व्हाळीकडे किंचित उतार द्यायचा. जुने गवंडी सांगत, "पाय ठेवल्यार चिरो हलाक नको." आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्यातलं थोडं पाणी सांध्यांतून मुरतं, बाकीचं व्हाळीने जातं. एखादा चिरा खचला तर तेवढाच काढून पुन्हा बसवता येतो. काँक्रीटखालची माती वाहून गेली, तर ते फुटेपर्यंत कळतही नाही.

पावसात चिऱ्यांवर शेवाळ धरतं, हे खरं. आज काही सरांना आणि बाईंना हात धरून वर आणावं लागलं, हेही आपण पाहिलं. म्हणून माझी सूचना अशी: मागच्या वाहनरस्त्याकडून काँक्रीटचा सोपा उतार करावा. घाटीला कठडा लावावा, पावसाळ्यात दर पंधरवड्याला ती खराट्याने घासावी. खचलेल्या चिऱ्यांच्या जागी मात्र चिरेच बसवावेत.

हे काम जाणणारे गवंडी गावात आता दोघेच उरलेत, तेही साठीपुढचे. त्यांना मे महिन्यात बोलावू आणि नववीची चार मुलं त्यांच्या हाताखाली देऊ. मजुरी निधीतून जाईल, विद्या मात्र गावात राहील.

यादीतली ती एक ओळ एवढी बदलावी, ही विनंती.