नळी लावलेल्या बाईचं तोंड कोण धुतं?

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेलं भाषण)

विष घेतलेली किंवा जळालेली बाई अतिदक्षता विभागात दाखल झाली की आपण धावत जातो. तिच्या तोंडात नळी असते, नळी व्हेंटिलेटरला जोडलेली असते. आपण डॉक्टरांना विचारतो, "शुद्धीवर कधी येईल? जबाब कधी देता येईल?" मी रुग्णालयात समाजसेविका आहे. मीही अनेक वर्षं एवढंच विचारत आले.

एकदा आमच्याकडे कीटकनाशक प्यालेली पंचविशीची बाई होती. सातव्या दिवशी तिची आई मला म्हणाली, "ताई, लेकीच्या तोंडाला वास मारतोय. ओठ फुटलेत. एवढं मोठं मशीन लावलंय, पण तोंड कुणी धूत नाही का हो?"

मी आत जाऊन सिस्टरांना विचारलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, या पाळीला मी एकटी आणि व्हेंटिलेटरवरचे पेशंट चार. इंजेक्शन चुकलं तर मला मेमो मिळतो. तोंड पुसायचं राहिलं तर कोण विचारतं?"

त्या मुलीला पुढे न्यूमोनिया झाला. तो तोंडामुळेच झाला असं मी म्हणणार नाही. विष प्यालेल्या माणसाच्या फुप्फुसात उलटीही गेलेली असू शकते. पण आईचा प्रश्न मनातून जाईना, म्हणून मी डॉक्टर-सिस्टरांकडून समजून घेतलं.

एरवी आपली लाळ दिवसभर तोंड धुऊन काढत असते. नळी असली की तोंड उघडं राहतं, कोरडं पडतं. अशा विषावर देतात त्या अ‍ॅट्रोपिननेही लाळ आटते. दातांवर थर साचतो, त्यात जंतू वाढतात. नळीच्या खालच्या टोकाशी एक फुगा असतो. तो श्वासनलिका बंद करतो, पण पुरती नाही. तोंडातली घाण त्या फुग्यावर साचते आणि कडेकडेने पाझरत फुप्फुसात उतरते. व्हेंटिलेटर लावल्यावर दोन दिवसांनंतर जो न्यूमोनिया होतो, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

उपाय महागडा नाही. लहान, मऊ ब्रशने दिवसातून दोनदा दात घासायचे, घासताना सक्शनने पाणी ओढून घ्यायचं, ओठ कोरडे पडू द्यायचे नाहीत. मनाई नसेल तर पलंगाची उशाकडची बाजू 30 ते 45 अंश उंच ठेवायची. पूर्वी क्लोरहेक्झिडिनने तोंड पुसण्यावर भर होता. 2022 साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संस्थांनी सूचना बदलल्या: ते औषध नको, ब्रशने दात घासा. 2023 साली 15 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. दात घासलेल्या रुग्णांमध्ये न्यूमोनिया कमी दिसला, अतिदक्षता विभागातले मृत्यूही कमी दिसले.

मात्र हे काम आपण किंवा नातेवाइकांनी करायचं नाही. नळी हलली तर जिवावर बेतू शकतं. ते शिकलेल्या परिचारिकेचं काम आहे.

मग ते मागे का पडतं? कारण धुणं-पुसणं हे बायकांचं काम, त्यात काय मोजायचं, ही समजूत घरात आहे तशी दवाखान्यातही आहे. अरुणा शानबाग यांना केईएमच्या परिचारिकांनी 1973 ते 2015, अशी 42 वर्षं सांभाळलं. 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं कौतुक केलं. ते योग्यच होतं. पण सेवेला नुसती माया म्हटलं की तिला किती हात लागतात, किती तास लागतात, हा हिशोब कुणी करत नाही. कौतुकाने रिकाम्या जागा भरत नाहीत.

म्हणून माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. यापुढे अतिदक्षता विभागात गेलात की जबाबाबरोबर हेही विचारा: आज हिचे दात घासले का? त्याची नोंद कुठे होते? आणि उत्तर 'नाही' आलं तर सिस्टरांवर आवाज चढवू नका. त्या पाळीला किती सिस्टर होत्या आणि किती पदं रिकामी आहेत, हे विचारून घ्या. निवेदन द्यायचं ते अधिष्ठात्यांना आणि आरोग्य खात्याला. शक्य असेल तर परिचारिकांच्या संघटनेला बरोबर घेऊन.

ती मुलगी वाचली. नळी निघाली त्या दिवशी जबाब घ्यायला पोलीस आले होते, मीही उभी होते. घोगऱ्या आवाजात ती पहिलं वाक्य बोलली ते एवढंच, "आधी मला चूळ भरू द्या."

जबाब त्यानंतर झाला. पण मैत्रिणींनो, जिच्या तोंडून सत्य ऐकायला आपण थांबलेल्या असतो, त्या तोंडाची काळजी हाही आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.