धरणाचा तंगूस समुद्रावर का चालत नाही

आजचा विषय आपल्याकडे कुणी विचारला असता तर पाच वर्षांपूर्वी हसलो असतो. उंद्रीतून समुद्र चारशे किलोमीटरच्या वर. पण जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण सुरू झाला, आणि आता मेहकरला गाडी वर चढवली की पोरं थेट कोकणाचं नाव काढतात. डिकीत धरणावरचेच रॉड असतात. मग फोन येतो, "भाऊ, किनाऱ्यावरून टाकायला तंगूस कोणता घेऊ? जाडच घेतो ना?"

नाही. जाड घेऊ नका. आजचा सगळा भाग याच एका उत्तरावर आहे.

आपण खडकपूर्णावर किंवा येळगावला बसतो तेव्हा पाणी जवळपास थांबलेलं असतं. कटला, रोहू, मृगळ, फार तर मरळ. वीस-तीस ग्रॅमचं शिसं, कणकेचा गोळा किंवा गांडूळ, आणि निवांत बसायचं. तंगूस पाण्यात नुसता पडून असतो, त्याला कुणी ढकलत नाही. त्यामुळे जाड असला तरी फारसं बिघडत नाही.

समुद्राचं तसं नाही. लाटा समोरून येतात आणि पाणी किनाऱ्याला समांतरही वाहत असतं. हे पाणी तंगूसला आडवं ढकलतं. हिशेब करून बघा. ०.५० मिलिमीटर जाडीचा शंभर मीटर तंगूस पाण्यात असेल तर पाण्याला आडवी येणारी त्याची जागा होते ५०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे शाळेच्या मोठ्या वहीचं एक पान. तेवढं पान तुम्ही लाटेत आडवं धरलंय आणि ते जागेवर धरायला फक्त शिसं आहे. ०.३० चा तंगूस घेतला की हीच जागा ३०० वर येते. मग शिसं टिकतं, नाहीतर दहा मिनिटांत वाहून पुन्हा तुमच्याच पायाशी.

दुसरी गोष्ट रीलची. रीलवर किती तंगूस मावतो ते जाडीच्या वर्गावर ठरतं. ज्या रीलवर ०.३५ चा २५० मीटर बसतो, तिथे ०.५० चा जेमतेम १२० मीटर बसेल. वर जाड तंगूस रीलवरून उडतानाही अडतो, हवेत वारा खातो. म्हणजे फेकही कमी, शिल्लकही कमी.

म्हणून माझं मत: मुख्य तंगूस ०.३० ते ०.३५, साधा नायलॉन. विणलेली लाइन, जिला सगळे ब्रेड म्हणतात, ती आणखी बारीक असते आणि ताणली जात नाही, त्यामुळे लांबचा चावाही हाताला कळतो. पण खडकावर आणि कालवांवर घासली की लगेच जाते, गाठ घसरते, आणि जोरात फेकताना बोट कापते. नवख्याला नायलॉनच बरा. तो थोडा ताणला जातो, म्हणून लाटेचा झटका पोटात घेतो.

आता तुम्ही म्हणाल, बारीक तंगूस आणि शंभर ग्रॅमचं शिसं, फेकतानाच तुटेल की! बरोबर. तुटेलच. आणि इथे लक्ष द्या, कारण हा मासा गमावण्याचा प्रश्न नाही.

जोरात फेकताना तंगूस तुटला तर शिसं थांबत नाही, ते सुटतं. शंभर ग्रॅम शिसं, सोबत गळ, आणि कुठे जाईल सांगता येत नाही. कोकणचे किनारे सुट्टीत माणसांनी भरलेले असतात. वाळूत बसलेल्या एखाद्या पोराच्या डोक्यात ते बसलं तर काय होईल, हे मी सांगायला नको.

म्हणून पुढे जाड तुकडा जोडायचा. याला शॉक लीडर म्हणतात. जगभर किनाऱ्यावरून गळ टाकणारे एक ढोबळ नियम पाळतात: शिशाच्या दर २८ ग्रॅममागे साडेचार किलोची ताकद. म्हणजे शंभर ग्रॅमला सोळा किलो, सव्वाशेला वीस. लांबी किती? रॉडच्या दुप्पट, आणि वर रीलवर पाच-सहा वेढे. बारा फुटी रॉडला आठ-नऊ मीटर धरा. फेकीचा सगळा हिसका हे वेढे घेतात, बारीक तंगूसपर्यंत तो पोचतच नाही. जोडगाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडी गाठ स्वतःच्याच घासण्याने जळते. काही जण पैसे वाचवायला हा तुकडा टाळतात. अशा माणसाच्या बाजूला मी उभा राहत नाही.

शिसं गोल नको, वाळूत गडगडतं. पिरॅमिडच्या आकाराचं किंवा तारेचे पाय असलेलं घ्या. शिसं टोकाला, आणि गळ त्याच्या वर एका छोट्या फांदीवर. आमिष कोळंबी किंवा माकूल, बारीक लवचीक दोऱ्याने गुंडाळून. आपला कणकेचा गोळा पहिल्याच लाटेत विरघळतो. (आपल्याकडे घाटाखाली उतरलं की गळाचा 'गय' होतो. तिकडे मालवणीत गरी म्हणतात, आणि मासे धरायला जाणं म्हणजे गरवणं. शब्द लक्षात ठेवा, तिथल्या माणसांशी बोलणं सोपं जातं.)

टाकायचं कुठे? सगळ्यांना वाटतं जितकं लांब तितका मोठा मासा. तसं काही नाही. किनाऱ्यावर दहा मिनिटं नुसतं उभं राहा. लाट एका ठिकाणी फुटते, मग शांत होते, आणि पुन्हा काठाशी फुटते. मधला जो गडद पट्टा, तिथे तळाला चर असतो. मासे तिथे चरायला येतात, आणि तो पुष्कळदा तीस-चाळीस मीटरवरच असतो. फेकून झाल्यावर रॉडचं टोक उंच धरा, म्हणजे जवळच्या लाटा तंगूसच्या खालून जातात.

कधी जायचं, यासाठी घरातलं कालनिर्णय पुरतं. आपल्या किनाऱ्यावर जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच, आणि दिवसातून दोनदा भरती. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी फार ओढतं, शिसं टिकत नाही. अष्टमीच्या आसपास भांग, ओढ कमी. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला मी सांगतो, अष्टमी ते दशमी धरा. भरती संध्याकाळी चढते, उजेड उतरत असतो, आणि पाणी सोसवतं. पावसाळ्यात मात्र जाऊ नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांनाही मासेमारी बंद असते, आणि त्या दिवसांतल्या लाटेत काठावरचा माणूसही सुरक्षित नाही.

पाण्यात उतरलात तर पाय उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूत पाकट बसलेला असतो, त्याच्या शेपटीला विषारी काटा. शिंगाळ्याचे काटे तर तुम्हाला धरणावरून ठाऊकच आहेत, समुद्रातलेही तसेच बोचतात.

तुटलेला तंगूस खिशात घालून परत आणा. वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. त्या दिवसांत रात्री तिथे बॅटरी घेऊन फिरणंही टाळा.

आणि हे सगळं शिकायला आधी समुद्र लागत नाही. सोयाबीन निघालं की रान मोकळं होतं. धसकटं नसलेली पट्टी बघा, गळ काढून टाका, नुसतं शिसं आणि लीडर ठेवा. मागे-पुढे दीडशे मीटर कुणी नाही ना, बघा. मग फेका, आणि पावलांनी मोजा. वीस फेकींत एकदाही तंगूस तुटला नाही, आणि शिसं सरळ रेषेत पन्नास-साठ मीटरवर पडायला लागलं, की मग गाडीत पेट्रोल भरा.