शोधनिबंधाचे मोल कसे मोजावे?

(सुरत येथे वैद्यकीय विद्यार्थी व तरुण डॉक्टर यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वैद्यकीय संशोधकाची योग्यता आज आकड्यांनी सांगण्याचा प्रघात पडला आहे. त्याचे शोधनिबंध किती, इतर अभ्यासकांनी आपल्या लेखनात त्यांचा उल्लेख किती वेळा केला आणि त्यावरून त्याचा एच-निर्देशांक किती, हे प्रथम विचारले जाते. निर्देशांक वीस असणे म्हणजे किमान वीस निबंधांचा प्रत्येकी निदान वीस वेळा उल्लेख झालेला असणे. ही रीत भौतिकशास्त्रज्ञ हर्श यांनी २००५ साली सुचविली. तिचा पाया असलेली उल्लेखसूची यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत सुरू केली होती. एका निबंधावरून त्या विषयावरचे पुढील लेखन अभ्यासकास सापडावे, हा तिचा मूळ हेतू होता. पुढे तीच विद्वानांची प्रतवारी लावण्याचे साधन झाली.

निष्कर्ष लिहून प्रसिद्ध करण्याची निकड सुरतेला निराळी सांगावयास नको. सप्टेंबर १९९४ मध्ये येथे फुप्फुसाच्या प्लेगची साथ उद्भवली. त्याच सुमारास महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. लाखो लोक हे शहर सोडून गेले, काही देशांनी भारताशी विमानवाहतूक थांबविली, आणि हा रोग खरोखर प्लेगच आहे काय, यावर तज्ज्ञांत वाद माजला. १९९६ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात सुरत व बीड येथील जंतूंच्या रेणवीय तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या वादात तपासून पाहता येईल असा पुरावा सर्वांपुढे आला.

परंतु पुराव्याचे मोल उल्लेखांच्या संख्येवरून पूर्णपणे कळते काय? याच पश्चिम किनाऱ्यावरील, महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील एक उदाहरण पाहू. महाडजवळील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर काम करीत असताना लाल विंचू चावलेले रुग्ण त्यांच्याकडे येत. विषामुळे शरीरात उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचून रुग्ण दगावतो. डॉ. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून ही लक्षणे क्रमवार टिपली. तो निबंध १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध आकुंचित रक्तवाहिन्या सैल करते. त्याच्या उपयोगाविषयीचे त्यांचे व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचे लेखन त्याच नियतकालिकात १९८६ साली आले. पूर्वी पश्चिम भारतात अशा गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. प्राझोसिनचा वापर रूढ झाल्यावर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी ७० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ जण. स्वतःच्याच उपचारात सुधारणेस वाव आहे, हे त्यांनी या चाचणीतून दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आता विचार करा. विंचूदंशावर संशोधन करणारे जगात थोडे, म्हणून त्यावरील निबंधांचे उल्लेखही थोडेच होणार. संपन्न देशांतील रोगांवर लिहिणारे असंख्य, म्हणून तेथे उल्लेखही असंख्य. तो निबंध वाचून आडगावातील डॉक्टर योग्य वेळी गोळी देतो, त्याची नोंद कोणत्याही सूचीत होत नाही. उलट, चुकीचा निबंध खोडून काढण्यासाठी झालेले उल्लेखही त्याच्याच खात्यात जमा होतात.

म्हणून काही लिहूच नये, असा अर्थ कोणी काढू नये. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५७९ भारतीय वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांतून २००५ ते २०१४ या दशकात एकही शोधनिबंध प्रसिद्ध झाला नसल्याचे आढळले. या संस्थांत रुग्णांची वाण नव्हती. वाण होती ती नोंदींची. दुसऱ्या बाजूस, पदोन्नतीसाठी निबंधांची संख्या मोजली जाऊ लागताच पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली. मौन आणि पोकळ लेखन, या दोहोंचा तोटा अखेर रुग्णालाच सोसावा लागतो.

तेव्हा संशोधकाची निबंधसूची हाती आली, म्हणजे बेरीज करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. प्रश्न रुग्णाच्या गरजेतून निघाला होता काय? दगावलेल्या रुग्णांची नोंद प्रामाणिकपणे दिली आहे काय? निष्कर्ष दुसऱ्यांनी पडताळले काय? आणि त्यामुळे उपचारात काही बदल झाला काय? आपल्यापैकी अनेकजण उद्या लहान रुग्णालयांत जातील. तेथे मोठी प्रयोगशाळा नसेल; पण घड्याळ, रक्तदाबमापक आणि नोंदवही असेल. बिरवाडीतील कामाचा आरंभ याहून फारशा मोठ्या साधनांनी झाला नव्हता. ती नोंदवही आपण नेमाने लिहावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.