सहलीची आखणी : घड्याळ, घाट आणि घरची माणसे



सुट्ट्या जवळ आल्या की घरोघरी सहलीचा विषय निघतो. नकाशा उघडला जातो, ठिकाणांची यादी लांबत जाते आणि चार दिवसांत अर्धा महाराष्ट्र पाहण्याचा बेत ठरतो. मग प्रत्यक्ष प्रवासात आजोबांची औषधाची वेळ चुकते, मुलांना घाटात मळमळते, आणि दिवसभर गाडी हाकून थकलेला कर्ता पुरुष रात्री दहा वाजता अनोळखी वळणावर डोळे ताणून बसतो. सहल ही आनंदासाठी असते. ती सुखरूप पार पडावी, ही जबाबदारी आखणी करणाऱ्याची असते.

उदाहरणादाखल पुण्याहून कोकणकिनाऱ्याने कोल्हापूरमार्गे परत, असा प्रवास घेऊ. अनेकजण तो तीन दिवसांत उरकतात. त्याला सहा दिवस द्यावेत. कोकणातील रस्ता किलोमीटरमध्ये मोजू नये, तासांमध्ये मोजावा. वळणे, चढउतार आणि गावांतील अरुंद वाटा यांमुळे तासाला तीस-पस्तीस किलोमीटर अंतर कापले तरी पुष्कळ, असे धरून चालावे.

पहिल्या दिवशी पहाटे निघून ताम्हिणी घाटाने माणगाव व तेथून हरिहरेश्वर गाठावे. न्याहारी घरच्या डब्यातली असावी. मुळशीच्या जलाशयाकाठी सावली पाहून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली, की त्याची चव कुठल्याही उपाहारगृहात मिळत नाही. दुपारचे भोजन हरिहरेश्वरी घरगुती खानावळीत घ्यावे. मात्र आदल्या दिवशीच दूरध्वनी करून पाने किती ते कळवावे. तेथे माणसे मोजून तांदूळ शिजवतात. आयत्या वेळी आठजण दारात उभे राहिले, तर यजमानीणबाईंची तारांबळ आणि पाहुण्यांची उपासमार, दोन्ही ठरलेले! येथील प्रदक्षिणेची वाट समुद्रालगतच्या खडकांवरून जाते. भरतीची वेळ स्थानिकांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून वेश्वीला गाडीसह तरीने खाडी ओलांडावी. पलीकडे नाना फडणवीसांचे मूळ गाव वेळास आहे. उन्हाळ्याच्या प्रारंभी तेथील किनाऱ्यावर सागरी कासवांची पिल्ले समुद्राकडे झेपावतात आणि ग्रामस्थ त्यांचे रक्षण करतात. मुलांना निसर्गरक्षणाचा याहून चांगला पाठ कोणता? पुढे केळशी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आणि हर्णैच्या किनाऱ्यावरून समुद्रातला सुवर्णदुर्ग पाहून मुक्काम दापोलीजवळच्या मुरुडला करावा. महर्षी कर्वे यांचे बालपण याच गावात गेले.

तिसऱ्या दिवशी दाभोळहून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला, अशा दोन तरी लागतात. मधे गुहागरचा व्याडेश्वर, वेळणेश्वर आणि हेदवीचा दशभुज गणेश. दुपारचे जेवण गुहागरला. सोलकढी आणि मिळाले तर उकडीचे मोदक चुकवू नयेत. तरीच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. एक फेरी चुकली तर पुढचे सारे गणित कोलमडते. म्हणूनच दर दिवशी दोन तास मोकळे ठेवावेत. मुक्काम गणपतीपुळ्याला.

चौथा दिवस रत्नागिरीचा. लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान, ब्रह्मदेशच्या राजाने बंदिवासात अखेरचे दिवस काढलेला थिबा राजवाडा आणि सर्व हिंदूंना खुले असलेले १९३१चे पतितपावन मंदिर येथे आहे. १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी याच नगरीत अस्पृश्यतेविरुद्ध कार्य केले. मुलांनी पुस्तकात वाचलेली नावे येथे प्रत्यक्ष वास्तूंच्या रूपाने भेटतात. सायंकाळी पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपाशी शांत बसावे.

पाचव्या दिवशी आंबा घाट चढून कोल्हापूर. हे अंतर सुमारे १३० किलोमीटर. अनेकांना त्याच दिवशी आणखी २३० किलोमीटर कापून पुणे गाठण्याचा मोह होतो. तो टाळावा. अंबाबाईचे दर्शन, रात्रीचा विसावा आणि सहाव्या दिवशी उजेडात घर.

एवढी सावधगिरी कशाला, असे कुणी विचारील. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल पुरात वाहून गेला आणि प्रवाशांनी भरलेल्या दोन एसटी गाड्या नदीत गेल्या. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीहून महाबळेश्वरला सहलीसाठी निघालेली बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली; त्यातून एकच जण वाचला. त्या घरांतूनही सकाळी हसतच निरोप दिला गेला होता. सारेच काही माणसाच्या हाती नसते. पण जे हाती आहे, त्यात कसूर नसावी.

म्हणून तीन नियम घरच्या बैठकीतच ठरवावेत. सूर्यास्तानंतर घाटात गाडी नाही. दर दोन तासांनी विसावा. आणि ज्याच्या हाती चाक, त्याचा शब्द अखेरचा. तो ‘थकलो’ म्हणाला की गाडी थांबली पाहिजे, कुणी ‘थोडेच राहिले’ म्हणू नये. पावसाळ्यात तर हा बेतच पुढे ढकलावा. घाटात दरडी आणि किनाऱ्यावर खवळलेला समुद्र, दोन्ही कुणाची वाट पाहत नाहीत.

बैठकीत आजीलाही विचारावे, तिला काय पाहायचे आहे. कदाचित तिला एखादे देऊळ नको असेल; माहेरच्या गावाची पाणंद हवी असेल. त्यासाठी दोन ठिकाणे गाळावी लागली तरी गाळावीत. ठिकाणे जागच्या जागी राहतात, पुढच्या वर्षीही पाहता येतात. बरोबर नेलेली सारी माणसे तेवढ्याच आनंदाने घराच्या उंबऱ्यावर परत आली, की सहल सफळ झाली असे समजावे.