फुकट लिहिणाऱ्याच्या हाती काय राहते?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर सकाळपासून बोलणे झाले आहे आणि जेवणानंतर आणखी होईल. आमच्याकडे आलेला विषय वेगळा आहे. तालुक्याच्या शिबिरात काही पोरांनी विचारले, "विकिपीडियावर मराठीत कपाशी, ज्वारी, बोंडअळी यांची माहिती तुटपुंजी आहे. आम्ही लिहायला बसतो. पण लिहिणाऱ्याला तिथे पैसा नाही, आणि वाचणाऱ्याकडे तर देणगी मागतात. मग तो पैसा जातो कुठे, आणि आम्ही फुकट का राबायचे?" पैसा जातो कुठे, हे शेतकऱ्याच्या पोराने नाही विचारायचे तर कोणी?

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. विकिपीडिया म्हणजे कोणालाही फुकट वाचता येणारा आणि कोणालाही दुरुस्त करता येणारा ज्ञानकोश. १५ जानेवारी २००१ ला तो अमेरिकेत इंग्रजीतून सुरू झाला, मराठीत २००३ साली आला. लेख लिहिणारे, चुका काढणारे, वाद मिटवणारे जवळजवळ सगळे बिनपगारी. आपल्याकडच्या सावडीसारखे. फरक एवढाच की सावडीत आज तुमच्या रानात, उद्या माझ्या रानात, हे ठरलेले असते. इथे रान कोणाचे, हाच वाद आहे.

ज्ञानकोशाला पैसा लागतो हे मराठी माणसाला नवे नाही. अमरावतीला शिकलेल्या डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार जमवले आणि २३ खंड बाहेर काढले. पुढे मराठी विश्वकोश सरकारी तिजोरीतून निघाला, त्याचा पहिला खंड १९७६ चा. केतकर भागधारकांना बांधलेले, विश्वकोश सरकारला बांधलेला. विकिपीडियाने तिसरीच वाट धरली. लिहिणारा एक, पैसा देणारा दुसरा, आणि पैसा सांभाळणारा तिसरा. या तिसऱ्याला जाब कोणी विचारायचा?

या प्रश्नावर पहिली ठिणगी २००२ साली पडली. तेव्हा खर्च जिमी वेल्स यांची बोमिस नावाची कंपनी करीत होती. कंपनीची कमाई आटली, आणि पानांवर जाहिराती घ्याव्यात अशी भाषा सुरू झाली. स्पॅनिश भाषेत लिहिणाऱ्या स्वयंसेवकांना हे पटले नाही. आम्ही फुकट लिहायचे आणि त्यावर दुसऱ्याने दुकान मांडायचे, हे चालणार नाही असे म्हणून त्यातले बरेच जण फेब्रुवारी २००२ मध्ये उठले आणि निघून गेले. जाताना रिकाम्या हाताने गेले नाहीत. विकिपीडियावरचा मजकूर अशा परवान्याखाली असतो की कोणीही त्याची नक्कल करावी, वापरावी, पुढे द्यावी. अट एवढीच की मूळ लेखकांचे श्रेय सांगावे आणि पुढच्यालाही तीच मोकळीक द्यावी. त्या परवान्याच्या बळावर त्यांनी सगळे लेख उचलले आणि स्पेनमधल्या सेव्हिल विद्यापीठाच्या यंत्रांवर आपला वेगळा ज्ञानकोश उभा केला. मागे राहिलेला स्पॅनिश विकिपीडिया पुढे कितीतरी दिवस रखडला.

त्यानंतर काय झाले ते पाहा. जून २००३ मध्ये विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली आणि विकिपीडियाचा कारभार कंपनीकडून तिच्याकडे गेला. जाहिराती आजतागायत आलेल्या नाहीत. मोर्चा नाही, घेराव नाही. बैल सोडून नेता येतात एवढे मालकाला कळले, की बोलण्याची भाषा बदलते.

आता पोरांचा मूळ प्रश्न. या फाउंडेशनचे २०२३-२४ चे उत्पन्न सुमारे साडेअठरा कोटी डॉलर होते, म्हणजे दीड हजार कोटी रुपयांच्या वर. त्यातला मोठा भाग लहान देणग्यांचा. खर्च बाजूला पाहिले तर यंत्रे ठेवण्याचे नि चालवण्याचे थेट भाडे सुमारे ३१ लाख डॉलर, आणि पगार दहा कोटी डॉलरांच्या वर. पुढची बेगमी म्हणून वेगळा कायम निधीही आहे. तो २०१६ ला सुरू झाला, दहा वर्षांत दहा कोटी डॉलर जमवायचे ठरले होते, ते २०२१ लाच जमले.

हे आकडे ऐकून कोणी लगेच "लूट, लूट" म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. यंत्र भाड्याने घेतले म्हणजे ते आपोआप चालत नाही. जगभरची माणसे रात्रंदिवस वाचतात, ते चालू ठेवणारे अभियंते पगार घेणारच. कोर्टकचेऱ्या असतात. अडीच कोटी डॉलरांच्या वर रक्कम देशोदेशीच्या गटांना अनुदान म्हणून गेली. आणि हिशेब दरसाल छापून निघतो, तपासणी होऊन निघतो. आपल्या किती सहकारी सूतगिरण्यांबद्दल असे म्हणता येईल?

दुखणे दुसरीकडे आहे. देणगी मागताना शब्द असे वापरले जात की वाचणाऱ्याला वाटावे, आज पैसे दिले नाहीत तर उद्या विकिपीडिया बंद पडेल. तिजोरी भरलेली असताना दुष्काळाची हाकाटी. आणि ती हाकाटी कोणाच्या नावाने, तर फुकट लिहिणाऱ्याच्या. २०२२ च्या नोव्हेंबरात इंग्रजी विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी उघड चर्चा करून निर्णय दिला की या मजकुराची मागणी आमच्या पानांवर लागणार नाही. फाउंडेशनला मजकूर बदलावा लागला, आणि तेव्हापासून तो स्वयंसेवकांना आधी दाखवून, त्यांच्याशी बोलून ठरतो.

पगारी माणसाने ठरवायचे आणि बिनपगारी माणसाने निस्तरायचे, याचा नमुना आपल्या पुण्यातही झाला. २०११ साली फाउंडेशनने पुण्यातल्या काही महाविद्यालयांत कार्यक्रम आखला: विद्यार्थ्यांनी अभ्यासाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे. संख्या मोठी, शिकवणारे थोडे. पोरांनी पुस्तकांतले उतारेच्या उतारे जसेच्या तसे उतरवले. ते शोधून काढण्याचे काम आले जुन्या स्वयंसेवकांच्या गळ्यात. पेरणी एकाची, निंदण दुसऱ्याच्या माथी. त्याच वर्षी तो कार्यक्रम थांबवावा लागला.

भारतातल्या स्वयंसेवकांनी २०११ मध्येच बंगळूरला आपली संस्था नोंदवली होती. करारातल्या अटी पाळल्या न गेल्याचे कारण देऊन फाउंडेशनने २०१९ मध्ये तिची मान्यता काढली. परदेशी पैसा इथल्या संस्थेने घ्यायचा तर आपला विदेशी देणग्यांचा कायदा आडवा येतो, ही अडचणही होतीच. त्यामुळे देशातल्या स्वयंसेवकांचा फाउंडेशनशी संबंध आज लहान लहान गटांतून आहे. अनुदानाच्या अर्जांवर स्वयंसेवकांची प्रादेशिक समिती मत देते, दक्षिण आशियासाठीही अशी समिती आहे. पण एकूण पैशातला किती वाटा वाटपाला ठेवायचा, ते ही समिती ठरवत नाही.

ते ठरते विश्वस्त मंडळात. त्यात निम्म्या जागा स्वयंसेवक आणि त्यांच्या संस्थांच्या मतांनी भरतात. बाकीच्या बहुतेक मंडळच नेमते. हे पुरेसे नाही म्हणून स्वयंसेवकांनी काही वर्षे खपून एक सनद तयार केली, आणि एक जागतिक परिषद असावी, तिला काही अधिकार असावेत असे त्यात लिहिले. २०२४ च्या उन्हाळ्यात मतदान झाले. मत देणाऱ्या व्यक्तींपैकी सुमारे ७३ टक्क्यांनी सनद मान्य केली, संलग्न संस्थांनीही मोठ्या बहुमताने मान्य केली. विश्वस्त मंडळाने नाकारली. खर्च वाढेल आणि उपयोग किती ते स्पष्ट नाही, हे मंडळाचे म्हणणे. त्यात काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. नवी परिषद म्हणजे नवे भत्ते, नवे दौरे, हे आपण जिल्हा परिषदेत पाहतोच. पण ज्याच्या अधिकाराला कात्री लागणार त्यालाच शेवटचे मत, ही रचना आम्हाला मान्य नाही.

एक गोष्ट मात्र स्वयंसेवकांनाही सुनावली पाहिजे. जगभरातून मत देणारे अडीच हजारही नव्हते. हजारो माणसे दरमहा लेख दुरुस्त करतात, पण कारभाराची गोष्ट निघाली की घरी. सोसायटीच्या वार्षिक सभेला कोरम भरत नाही आणि वर्षभर पारावर सेक्रेटरीच्या नावाने बोटे मोडायची, त्यातलाच हा प्रकार.

तेव्हा पोरांनो, लिहायचे की नाही? आमचे मत, लिहा. तुम्ही लिहिलेले फाउंडेशनच्या मालकीचे होत नाही. गुलाबी बोंडअळी फुलात कशी शिरते, डोमकळी कशी ओळखायची, कामगंध सापळा कधी लावायचा, हे मराठीत नीट लिहिले तर ते औषधाच्या दुकानदाराच्या सल्ल्याला तोलून पाहायला कामी येईल, आणि उद्या कोणी जाहिराती आणल्या तरी तो मजकूर उचलून दुसरीकडे मांडता येईल. स्पॅनिश लोकांनी तेच केले. मात्र विद्यापीठाच्या पुस्तिकेतून उतरवू नका. आधार द्या, शब्द आपले वापरा. देणगी द्यायची की नाही ते ज्याचे त्याने हिशेब वाचून ठरवावे. सक्ती नाही, बंदीही नाही.

ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांनी वहीत लिहून आणावे. नोंदी टंकायला दोन कार्यकर्ते तयार आहेत. दादर ज्वारी, मालदांडी आणि बोंडअळी या तीन विषयांची नावनोंदणी जेवणाच्या सुट्टीत मंडपाच्या डाव्या बाजूला होईल. विश्वस्त निवडीत मत द्यायला आधी ठरावीक संख्येने दुरुस्त्या केलेल्या असाव्या लागतात, म्हणून सुरुवात लवकर करा.